शेरीफला अटक करणारी बाई

मंगळवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हा ओर्फा डिलमन ओट्यापाशी उभी राहून कॉफी पीत होती. पलीकडे जिल्ह्याच्या पोलिसांचा आणि तुरुंगाचा प्रमुख, शेरीफ वेंडेल स्ट्राउस होता.

"ओर्फा, आमच्याकडे एक गेलाय. कोठडीत. येऊन सही करून जा. घाई नाही, पण आठच्या आत ये."

घाई नाही आणि आठच्या आत, हे दोन्ही एका दमात कसं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिनं कोट चढवला आणि निघाली.

लॅथ्रॉप काउंटीतलं, म्हणजे त्या जिल्ह्यातलं, बहुतेक प्रत्येक मरण डिलमनांच्या दारावरून जायचं. हॅडली गावात त्यांचं अंत्यविधीगृह होतं. ओर्फाचा नवरा मर्ल प्रेताला कपडे चढवण्यापासून पेटी खड्ड्यात उतरवण्यापर्यंत सगळं बघायचा, आणि वर काउंटीचा कोरोनरही होता. कुणी अवचित गेलं, गाडीखाली आलं, तळ्यात सापडलं, की ते मरण कशानं आलं हे ठरवून कागदावर लिहायचं काम कोरोनरचं. त्याला शिक्षण लागत नसे. वय भरलेलं असावं, घर काउंटीत असावं, आणि नोव्हेंबरात लोकांनी मतं द्यावीत, झालं. मर्ल सदुसष्ट साली गेला तेव्हा पक्षाची माणसं भेटायला आली आणि दारातून बाहेर पडता पडता म्हणाली, "तेवढी मुदत पुरी करून टाका." ओर्फानं ती पुरी केली. मग स्वतः दोनदा निवडून आली, कारण समोर कुणी उभंच राहिलं नाही. आता चौऱ्याहत्तरचा मार्च चालू होता, तिला अठ्ठावन्न लागलं होतं, आणि दोनशेहून जास्त मरणांवर तिची सही होती.

तुरुंग जुन्या पद्धतीचा. पुढं शेरीफचं राहतं घर, मागं कोठड्या, मधे स्वयंपाकघर. कैद्यांचं जेवण शेरीफची बायको नॉर्मा रांधायची. नॉर्मा आणि ओर्फा वीस वर्षं चर्चमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहून गात होत्या. ओर्फा तुरुंगात आली की नॉर्मा न विचारता तिच्यापुढं कप ठेवायची. त्या सकाळी स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं होतं.

मेलेला माणूस एकतीस वर्षांचा. लॉनी प्रूइट. केंटकीहून कामाला आलेला, लोखंडाच्या ओतशाळेत होता. रविवारी दुपारी त्याची गाडी रस्त्यावर वेडीवाकडी चालली होती म्हणून शिपायांनी थांबवली. खाली उतरवलं तर त्याला धड उभं राहता येईना. आणून कोठडीत टाकलं.

"टर्र होता," वेंडेल म्हणाला. "दोन दिवस ओकत होता. पहाटे बाकावरून पडला, डोकं आपटलं. लिही तसं."

ओर्फा गुडघ्यांवर बसली. डोक्याला खरचटलं होतं, पण मांजराच्या नखानं खरचटावं इतपत. ओठ मात्र फाटले होते. जीभ चामड्यासारखी. डोळे खोल गेलेले. तिनं तीस वर्षं मेलेल्यांचे चेहरे धुतले होते. नाव सांगता आलं नसतं तरी जे दिसत होतं ते काय होतं हे तिला कळत होतं. ती वाकली. दारूचा वास नव्हता. गोडसर, नासलेल्या सफरचंदांसारखा काहीतरी होता.

"वेंडेल, हा माणूस तहानेनं वाळलाय."

"दारुडे वाळतातच."

"डॉक्टरला बोलावलं होतंस?"

"रविवारी? याच्यासाठी?" दारातले दोन शिपाई हसले, वेंडेलही.

ओर्फा भिंतीला धरून उठली. "आज मी सही करत नाही."

वेंडेलचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. "का बरं? टीगच्या वेळी तर दहा मिनिटांत केली होतीस. मी म्हटलं हृदय बंद पडलं, तू लिहिलंस हृदय. तेव्हा नाही गुडघे टेकलेस."

ऑल्विन टीग. तीन वर्षांपूर्वी, याच कोठडीत. म्हातारा, एकटा. तिनं त्याच्या अंगावरची चादरसुद्धा नीट उचलली नव्हती. ओर्फा आपली माणसं बोलावून लॉनीचं प्रेत घेऊन गेली.

दहा वाजता अंत्यविधीगृहाच्या दारात एक बाई उभी होती, ओतशाळेतल्या उपाहारगृहाचा झगा अंगावर तसाच. लॉनीची बहीण फे. ती रडत नव्हती. रडायच्या पलीकडं गेली होती.

"लॉनी दारू पीत नाही हो," ती म्हणाली. "त्याला साखरेचा आजार आहे. दिवसातून दोनदा सुई घ्यावी लागते. मी रविवारी संध्याकाळी तुरुंगात फोन केला. सांगितलं. औषधाची बाटली त्याच्या कोटाच्या खिशातच असते, म्हटलं, फक्त त्याच्या हातात द्या."

"फोन कुणी उचलला?"

"एका बाईनं. म्हणाली, सांगते."

ओर्फानं फेला खुर्चीत बसवलं आणि स्वतः मात्र उभीच राहिली. तुरुंगात फोन उचलणारी बाई एकच होती.

ओर्फाचा दीर क्लीट मागच्या खोलीत सगळं ऐकत होता. तोच प्रेतं टिकवण्याचं काम करायचा. फे गेल्यावर तो हात पुसत बाहेर आला.

"ओर्फा, तुझ्या मनात काय आहे ते मला दिसतंय. करू नकोस. रस्त्यावरचे अपघात आपल्याकडं कोण पाठवतं? वेंडेलची माणसं. उद्या ती पलीकडच्या गावातल्या गृहाला फोन करायला लागली तर तू आणि मी इथं एकमेकांची तोंडं बघत बसू."

"गाडी काढ."

"कुठं?"

"इंडियानापोलिसला. तिथं विद्यापीठाचा शवविच्छेदन करणारा डॉक्टर आहे. त्याला कळेल."

क्लीटनं किल्ली तिच्या हातात दिली. पण तो बरोबर आला नाही, आणि तिनं त्याला तसं म्हटलंही नाही. तेवढ्यात फोन वाजलाच. गावात कोण कुठं निघालं हे शेरीफला कळायला वेळ लागत नसे.

"ओर्फा, प्रेत काउंटीबाहेर न्यायचं नाही."

"प्रेत कोरोनरच्या ताब्यात असतं, वेंडेल. शेरीफच्या नाही."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"मर्लनं. कायद्यातली तेवढीच एक ओळ त्यानं माझ्याकडून पाठ करून घेतली होती."

तिनं फोन ठेवला, लॉनीला शववाहिकेत ठेववून घेतलं आणि निघाली.

गावाबाहेरच्या गिरणीपाशी आरशात पोलिसांची गाडी दिसली. ना दिवा, ना भोंगा. नुसती मागं. शेतांत चिखल, खड्ड्यांत काळं पडलेलं बर्फ, आणि सरळ रस्त्यावर पुढं शववाहिका, मागं ती गाडी. ओर्फानं वेग कमी केला की ती कमी करायची. वाढवला की वाढवायची. एका पुलापाशी ती इतकी जवळ आली की ओर्फाला आरशात शिपायाच्या तोंडातली काडी दिसली. ढकललं तर? गाडी घसरली, म्हणतील, बाईमाणूस, म्हणतील, आणि त्यावर सही करायला कोरोनरही उरणार नाही. अठरा मैल असे गेले. काउंटीची हद्द दाखवणारी पाटी मागं पडली तशी ती गाडी थांबली, वळली आणि निघून गेली. पुढं मैलभर गेल्यावर ओर्फा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून थोडा वेळ बसली.

डॉक्टर तरुण होता, जेमतेम पस्तिशीचा. त्यानं लॉनीच्या डोळ्याच्या गोळ्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला दिलं आणि संध्याकाळी तिला आपल्या खोलीत बोलावलं.

"दारूचा थेंब नाही. साखर मात्र माणसात असते त्याच्या सातपट. औषध न मिळाल्यानं रक्त आंबत जातं. माणूस झोकांड्या देतो, ओकतो, पाणी पाणी करतो. वासही गोड येतो. लोकांना वाटतं प्यायलाय."

"औषध मिळालं असतं तर?"

"सोमवारी दुपारपर्यंत कधीही मिळालं असतं तरी बहुतेक तो आज कामावर असता."

ओर्फानं विचारलं, "तीन वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाचं असं काही आता समजेल?"

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं. "नाही. तेव्हा उघडून बघितलं असतं तर समजलं असतं."

घरी परतताना तिनं ठरवलं की या मरणाची चौकशी बंद खोलीत नाही, काउंटीच्या कचेरीत वरच्या मजल्यावर, दारं उघडी ठेवून घ्यायची. साक्षीदारांना शपथ घालून बोलतं करायचा अधिकार कोरोनरला होता. मर्लनं तो कधी वापरला नव्हता, तिनंही नाही. कारकुनानं साक्षीला हजर राहण्याचे हुकूम टाइप करून दिले आणि खाकरून म्हणाला, "हे बजावायचं काम शेरीफचं असतं, बाई." म्हणजे नॉर्माच्या नावाचा हुकूम तिच्या नवऱ्यानंच तिच्या हातात द्यायचा. ओर्फानं तो पर्समध्ये घातला आणि स्वतः गेली.

नॉर्मा अंडी फोडत होती. अकरा कैद्यांची अंडी. मागं वळून तिनं कागद पाहिला, पण हात पुढं केला नाही.

"मी काही ऐकलं नाही, ओर्फा."

"फोन तू उचललास."

"मी निरोप सांगितला. पुढं काय करायचं ते मी ठरवत नाही इथं." तिचा आवाज चिरकला. "तू विधवा आहेस. तुला कुणाच्या शेजारी जाऊन झोपायचं नाही. तुला सोपं आहे हे सगळं."

"सोपं नाही गं."

"ठेव तिथं कागद. आणि जा. तो येईल."

ओर्फानं कागद पिठाच्या डब्याखाली सारला. बाहेर पडताना वेंडेल तिला जिन्यात भेटला. तो बाजूला झाला नाही. तिला भिंतीला घासून उतरावं लागलं.

शुक्रवारी कचेरीचा वरचा मजला भरला होता. ओतशाळेतली माणसं मागं उभी, गावातली माणसं पुढं बसलेली. ओर्फा एरवी न्यायाधीश बसतात त्या उंच खुर्चीत बसली नाही. खाली टेबल मांडून बसली. शिपायांनी एकेक करून तेच सांगितलं: टर्र होता, ओकत होता, पडला. वेंडेलनंही तेच सांगितलं, फक्त जास्त नीट. आजाराबद्दल कुणी कळवलं नाही, म्हणाला. लॉनीच्या खिशात काय होतं, असं विचारल्यावर शिपायानं वहीत बघून वाचलं: "पाकीट, किल्ल्या, चाकू, बाटली एक."

"कसली बाटली?"

"दारूचीच असणार."

"कुठं आहे ती?"

"फेकली असेल."

फेनं आपला फोन शपथेवर सांगितला. खोलीत चुळबुळ झाली. कुणीतरी "खोटं" म्हणालं, कुणीतरी त्याला गप्प केलं. ओर्फानं नॉर्माचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. तिनं परत पुकारलं. वेंडेल मागं टेकून बसला. नॉर्मा आली नाही तर एका परगावच्या बाईचा शब्द आणि डॉक्टरचे आकडे, एवढंच हातात उरणार होतं.

नॉर्मा दाराबाहेर जिन्यातच बसली होती. ती आत आली ती रविवारचा कोट घालून. शपथ घेतली, खुर्चीत बसली, नवऱ्याकडं पाहिलं नाही. पर्स उघडून मेणकागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. अंगठ्याएवढी बाटली.

"त्यावर थंड जागी ठेवा असं लिहिलंय," ती म्हणाली, "म्हणून मी अंड्यांजवळ ठेवली. फ्रिजमध्ये. त्याच्या बहिणीचा निरोप मी वेंडेलला रविवारी सांगितला. सोमवारी सकाळी परत सांगितला. तो म्हणाला, दारुड्यांना सगळेच आजार असतात, शुद्धीवर आला की बघू. सोमवारी दिवसभर तो माणूस पाणी मागत होता. मी दोनदा दिलं. मग वेंडेलनं किल्ली काढून घेतली."

"आणि मग?"

"मग मी रेडिओ मोठ्यानं लावला."

एवढं बोलून ती उठली, जिना उतरली, आणि घरी न जाता थेट बस थांब्यावर गेली. ओहायोतल्या बहिणीकडं.

ओर्फानं निकाल हातानं लिहिला. कोठडीत औषध आणि डॉक्टर न दिल्यानं मृत्यू, जबाबदारी शेरीफची. खाली आणखी एक परिच्छेद लिहिला, जो कुणी मागितला नव्हता: ऑल्विन टीगच्या मरणाचं कारण आपण न तपासता लिहिलं होतं, आणि ते कारण माहीत नाही असं आता धरावं.

सोमवारी म्हाताऱ्या न्यायाधीशांनी वॉरंट काढलं आणि तिला बोलावून घेतलं. ते चष्मा पुसत होते.

"शेरीफवर वॉरंट बजावायला शेरीफ चालत नाही. त्याचे शिपाई त्याचेच. राज्यात हे काम एकट्या कोरोनरचं. आठेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजानं हे पद काढलं तेच मुळी त्याच्या शेरीफांवर त्याचा विश्वास नव्हता म्हणून. आपण ते समुद्रापलीकडून उचलून आणलं, राज्यघटनेत लिहिलं आणि विसरून गेलो. माझ्या चाळीस वर्षांत कुणी वापरलेलं नाही." त्यांनी कागद पुढं केला. "राज्य पोलिसांतलं कुणी बरोबर देऊ का?"

ओर्फानं विचार केला. गणवेशवाला बरोबर असला तर शिपाई पिस्तुलाला हात घालतील. "नको," ती म्हणाली. "बाहेरच्या कोपऱ्यावर थांबू दे."

वेंडेल टेबलामागं बसला होता. पट्टा काढून पिस्तुलासकट समोर ठेवलेला. ती आत आल्यावर दोन्ही शिपाई तिच्या मागं दारात येऊन उभे राहिले. बाहेर जायची वाट उरली नाही.

"तू?" वेंडेल म्हणाला. "तू मला धरून नेणार?"

तिनं वाचायला सुरुवात केली. मागून एक शिपाई फस्सकन हसला. ओर्फानं कागद टेबलावर पसरला, पिस्तुलापासून वीतभर अंतरावर, दोन्ही तळव्यांनी दाबून धरला आणि वाकून वाचत राहिली. नाव, हुद्दा, आरोप, तारीख. वाचून झाल्यावर ती सरळ झाली. भिंतीपलीकडं कोठड्यांतले आवाज थांबले होते. तिथंही ऐकत असणार. वेंडेलचा हात टेबलाच्या कडेवर होता. ती त्या हाताकडं बघत राहिली. किती वेळ, ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही.

"कुठं ठेवणार मला?" त्यानं विचारलं. "माझ्याच तुरुंगात?"

"शेजारच्या काउंटीत."

"शववाहिकेतून?"

"नाही. माझी गाडी आणलीय."

तो हसला नाही. उठला, टोपी घेतली, पट्टा तिथंच राहू दिला आणि शिपायांना म्हणाला, "बाजूला व्हा रे." ते झाले.

तो पुढच्या सीटवर बसला. दोघं एका शाळेत असताना सहलीला एकदा बसला होता तसा, तिच्या शेजारी. अर्धी वाट संपल्यावर म्हणाला, "टीगला काय झालं होतं, ते मला खरंच माहीत नाही, ओर्फा."

"मलाही नाही. आणि तरी आपण दोघांनी लिहून दिलं."

शेरीफ आत असला की त्याची जागा कोरोनरनं सांभाळायची, हेही त्याच कायद्यात होतं. नवा शेरीफ नेमेपर्यंत, अकरा दिवस, तुरुंगाच्या किल्ल्या ओर्फाच्या कमरेला होत्या. पहिल्या सकाळी तिनं एकेका कोठडीपुढं खुर्ची टाकली आणि प्रत्येकाला विचारलं, काय दुखतं, काय औषध घेतोस, कुणाला कळवू. फेफऱ्याच्या एका माणसाच्या गोळ्या खणात सापडल्या, महिन्याभरापासून पडलेल्या.

वेंडेलनं सौम्य गुन्हा कबूल केला. सहा महिने शिक्षा झाली आणि पद गेलं. फे कचेरीच्या पायऱ्यांवर म्हणाली, "सहा महिने. आणि माझा भाऊ दोन दिवसांत." क्लीटचं म्हणणंही खरं निघालं: अपघातांचे फोन दुसऱ्या गावाला जायला लागले, आणि त्या वर्षी त्यांनी एक माणूस कमी केला. चर्चमध्ये ओर्फाच्या डाव्या हाताची जागा रिकामी राहिली. ओहायोला तिनं दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

पुढच्या जानेवारीत राजधानीत एक विधेयक आलं: निवडून येणारे कोरोनर बंद करायचे आणि त्या जागी दर विभागाला एक शिकलेला डॉक्टर नेमायचा, ज्याला शेरीफशी देणंघेणं नाही. समितीपुढं बोलायला ओर्फा गेली. समितीतला एक सदस्य स्वतः अंत्यविधीगृहाचा मालक आणि आपल्या काउंटीचा माजी कोरोनर होता.

"बाई," तो गोड आवाजात म्हणाला, "तुम्ही तर शेरीफला धरून नेलंत. पद इतकं उपयोगी पडलं, आणि तुम्हीच ते मोडा म्हणता?"

"धरून न्यायला पडलं," ओर्फा म्हणाली. "ते काम खुशाल कुणाकडं तरी ठेवा. पण माणूस कशानं मेला हे मला कळत नव्हतं, साहेब. मी सात वर्षं सह्या केल्या. ज्याच्या ताब्यात माणूस मेला तोच मला कारण सांगायचा, आणि तोच माझ्या दारी धंदा पाठवायचा. लॉनी प्रूइटची बहीण दारात उभी राहिली म्हणून मी गाडी काढली. टीगच्या मागं कुणीच नव्हतं."

सदस्यानं आभार मानले. विधेयक आठ विरुद्ध पाच मतांनी समितीतच पडलं. आणि संमत झालं असतं तरी वाट लांब होती, कारण पद राज्यघटनेत होतं. लागोपाठ निवडून आलेल्या दोन विधिमंडळांनी मान्य करायचं आणि मग जनतेनं मत द्यायचं.

काउंटीनं मात्र तीन ओळींचा ठराव केला: तुरुंगात कुणी मेलं तर प्रेत शहरातल्या डॉक्टरकडं जाईल, कुणाला विचारायचं नाही. शहात्तर साली ओर्फाची मुदत संपली. टायरच्या दुकानाचा मालक निवडून आला, भला माणूस होता.

राजधानीतलं अधिवेशन भरलं की ती जात राहिली, आणखी चार हिवाळे. दुसऱ्या वर्षापासून गाडी फे चालवायची. शेवटच्या खेपेला विधेयक सात विरुद्ध सहा मतांनी पडलं. बाहेर येऊन दोघी पायऱ्यांवर थांबल्या. ओर्फाला दम लागला होता.

"एक मत," फे म्हणाली. "तो चष्मेवाला सदस्य शेवटपर्यंत तुमच्याकडं बघत होता. मला वाटलं, उचलतोय हात."

"मलाही वाटलं," ओर्फा म्हणाली. "त्याची काउंटी कुठली, ते विचारून ये बरं आत. तिथं जाऊन त्याच्याशी बोलू."

फे परत आत गेली.